उंबऱ्याबाहेर चाखलेली कवठाची चटणी

खाप्याहून निघाले तेव्हा माझ्या पिशवीत नऊ कवठं, गूळ, तिखट, दोन वेळच्या भाकरी आणि पाण्याचा तांब्या होता. लेकीच्या घरी जाताना पाणीही बरोबर न्यावं लागतं. तिला मूल होईपर्यंत आईनं तिच्या उंबऱ्याच्या आत काही तोंडात घालायचं नाही, अशी आमची रीत. का, ते मी कधी विचारलं नाही. माझी आईही माझ्याकडे तांब्या घेऊनच यायची.

गोदाला तिसरा महिना लागला होता. जावयाचं पत्र आलं की आठ दिवस तिच्या पोटात काही ठरत नाही, आईच्या हातची कवठाची चटणी तेवढी मागते.

सावनेरपर्यंत छकडा, पुढे नागपूरची लहान रुळांची गाडी. एका हिसक्याला पिशवी कलंडली आणि कवठं डब्यात गडगडली. समोरच्या फेटेवाल्यानं एक उचलून खाली आपटलं. पिकलं कवठ आपटलं तर उडत नाही, हे सगळ्यांना ठाऊक असतं.

"बाई, हे तं उडून राहिलं. कच्चं हाय."

"तुमाले कोणी विचारलं?"

त्यानं उरलेली आठही आपटून पाहिली. दोन फुटली. ती दोन्ही पिकलेली निघाली, असं तो आनंदानं म्हणाला. नागपुरात मी सात कवठं घेऊन उतरले.

महाल भागातल्या घरात गोदा भिंतीला टेकून बसली होती. तोंड लिंबाएवढं झालेलं.

"माय, पहिला घास बिघडला तं मंग दिवसभर पाणीबी जात नाही," ती म्हणाली.

म्हणजे चटणी पहिल्याच घासाला जमायला हवी. पण कवठाचा भरवसा नसतो. एक आंबट, दुसरं तुरट. गूळ-मीठ जिभेनंच ठरवावं लागतं. जावई कचेरीत. विहीणबाई दिवसभर तंबाखू मळतात, त्यांना मीठ आणि माती सारखीच. उरले मी, आणि मी उंबऱ्याच्या आत होते.

पाट्यावर गर, गूळ, तिखट, मीठ वाटलं आणि चमचाभर घेऊन ओसरीवर आले.

"ओसरी घरातच धरतात," विहीणबाई म्हणाल्या.

मी पायरी उतरले.

"पायरी माह्या सासऱ्यानं बांधली हाय."

त्या चेष्टा करत नव्हत्या. रीत मोडली तर पोटातल्या बाळाला बाधेल, ही भीती त्यांना माझ्याइतकीच होती. मी रस्ता ओलांडला. कडुलिंबाखाली तांगा उभा होता, त्यात चढून बसले.

"कुठं जायचं, आजी?" तांगेवाल्यानं विचारलं.

"कुठंच नाही. चटणी चाखाची हाय."

"मंग मलेबी द्या ना." त्यानं चमच्यातली अर्धी चाटली. "मीठ कमी हाय."

तेवढ्यात खिडकीतून विहीणबाईंची आरोळी आली, "उतरा! तो तांगा आमच्याकडं महिन्यानं लावला हाय!"

मी उतरले. उरलेली अर्धीही तांगेवाल्यानं खाल्ली. आत जाऊन मीठ घातलं.

दुसऱ्या खेपेला भररस्त्यात उभी राहिले. कापूस भरलेली बैलबंडी थांबली. गाडीवान म्हणाला, "काहून वं बाई, घरातून काढलं का?"

"नाही गा, चाखून राहिली."

त्यानंही बोट बुडवलं. त्याला तिखट हवं होतं. तांगेवाला मिठावरच अडून बसला. पाचव्या खेपेपर्यंत माझी जीभ बधिर झाली होती. तो म्हणेल तसं मी मीठ टाकत होते. सातव्या खेपेला विहीणबाई स्वतः रस्त्यावर आल्या आणि जमिनीकडे बोट दाखवून म्हणाल्या, "आता घराची सावली इथवर आली. अजून सरका."

मी सरकले. चाखलं. काही कळलं नाही. परत आत आले तर पाटा लख्ख. गोदा वरवंटा चाटत बसली होती.

"अजून हाय का, माय?"

ओकारी आली तर म्हणून तिच्यापुढे घमेलं ठेवून आम्ही दोघी विहिणी तासभर बघत बसलो. विहीणबाईंच्या तळहातावर तंबाखू मळलेला होता, पण तोंडात टाकायचं त्यांना सुचलं नाही. घमेलं कोरडंच राहिलं. रात्री गोदानं भात मागितला तेव्हा त्या उठल्या आणि चुलीकडे जाता जाता म्हणाल्या, "विहीणबाई, तुमी चांगली चटणी करता."

भाकरी संपल्या होत्या, म्हणून दुसऱ्या दिवशी परतले. गाडीत पिशवी उपसली तर विहीणबाईंचा चमचा हाती आला, चटणी वाळलेली. नागपूर मागे पडलं होतं आणि जीभ ताळ्यावर आली होती. मी तो चाटला. अशी खारट की तांब्यातलं सगळं पाणी सावनेरच्या आधीच संपलं. तीन माणसांनी सातदा ठरवून जे बिघडवलं ते पोरीनं एकटीनं संपवलं, आणि तिला सोसलं.

चमचा मी धुऊन फडताळात ठेवला आहे. नातू होवो की नात, मला दोन्ही सारखेच. मला एकदा त्या घरात, पाट्याशी बसून, मीठ बघायचं आहे.