चिरंजीव लिंबूराव यांस

कबड्डी खेळणाऱ्या घरात किस्से साचतात ते ओटीवरच्या चपलांसारखे. मॅचच्या आदल्या दिवशी एवढ्या जमतात की कुठली कोणाची ते कळत नाही, आणि सगळे गेल्यावर एखादा जोड मागे राहतोच. आमच्या अष्टमी गावातल्या घरातले हे किस्से त्या मागे राहिलेल्या जोडाचे. माझे सासरे, नाना, आता नाहीत. ओटीही मोकळीच असते. म्हणून सांगत बसते झालं.

*

लग्न होऊन पेणहून अष्टमीला आले तेव्हा नानांनी मला घर दाखवलं नाही, संघ दाखवला. नाना म्हणजे आळीच्या कबड्डी मंडळाचे जुने कप्तान. “सूनबाई, हा डावा कोपरा, हा उजवा कोपरा. तुझा नवरा चढाईला.” सगळे दीर नि चुलतदीर, दारात मावणार नाहीत असे. शेवटी पाण्याचा तांब्या घेऊन एक चष्मेवाला, काडीसारखा कॉलेजकुमार उभा होता. माझा सख्खा धाकटा दीर, सुहास.

“आणि हा लिंबूटिंबू,” नाना म्हणाले.

ज्याला खेळायला घेतात पण धरत नाहीत, तो लिंबूटिंबू. त्याचा गुण मोजायचा नाही आणि त्याला बादही करायचं नाही. माझी आई गणपतीच्या मूर्ती रंगवणाऱ्या घरातली, तिला हे काय ठाऊक! तिला वाटलं, लाडाचं नाव असेल. पहिल्या दिवाळीला तिने सगळ्यांना कपडे पाठवले आणि धाकट्याच्या पुडक्यावर ठसठशीत अक्षरात लिहिलं, ‘चिरंजीव लिंबूराव यांस’.

हसून हसून नानांना ठसका लागला. सुहासभावजींनी शांतपणे शर्ट अंगाला लावून बघितला.

“वहिनी, माप बरोब्बर आहे. तुमच्या आईने मला नीट बघितलेलं दिसतंय.”

*

एकदा गडब गावच्या संघाशी मॅच होती आणि ऐन वेळी आमचा एक गडी तापाने आडवा झाला. नानांनी भावजींना चड्डी चढवायला लावली. मी बायकांच्या घोळक्यात, फोडायचा नारळ पदराखाली धरून बसले होते.

भावजी चढाईला गेले. कबड्डी कबड्डी म्हणत पार आत शिरले, तर गडबची पोरं हाताची घडी घालून बाजूला उभी! नानांचा मुलगा, त्यात असा, त्याला कशाला लोळवायचं, असा त्यांचा चांगुलपणा. भावजी एकेकासमोर जाऊन उभे राहिले. कोणी हात लावीना. शेवटी त्यांचा चेहरा रडवेला झाला आणि ते म्हणाले, “अरे, पकडा ना!”

बोलले, म्हणजे दम तुटला. पंचांच्या आधी रेघेबाहेरून नानाच ओरडले, “बाद!”

त्या दिवसानंतर भावजी मैदानावर गेले नाहीत.

*

मग घरात टीव्हीला जोडायचा गेम आला. भावजींनी शिकवण्यांच्या पैशांतून आणला होता. काड्यापेटीएवढा माणूस उड्या मारत जायचा, मरायचा, पुन्हा उठायचा. नाना म्हणायचे, “घाम न येणारा खेळ खेळ नाय.” पण टीव्ही एकच, आणि क्रिकेटची मॅच लागली की आख्खं मंडळ आमच्या ओटीवर. गेमची वायर उपटून फेकली जायची, मग तो काड्यापेटीवाला कितीही दूर पोचलेला असो.

माझ्या सोवळ्याला हसणारी ही माणसं! पण मॅच रंगात आली की जो जसा बसलाय तसाच बसणार, मांडीसुद्धा मोडायची नाही. एकदा भावजी नुसते परसाकडे जायला उठले आणि तेवढ्यात विकेट पडली. झालं. पुढच्या मॅचपासून त्यांची जागा अंगणात, पेरूच्या झाडाखाली.

मी त्यांना चहा नेऊन दिला. म्हटलं, “भावजी, अहो मनावर घेऊ नका.”

“नाय वहिनी,” ते म्हणाले, “तुमचं सोवळं बरं. मोडलं तरी आंघोळ केली की झालं.”

*

लोक म्हणतात, ही कॉम्प्युटरवाली मुलं आळशी, त्यांना खेळाचा तिटकारा. मला नाही तसं वाटत. खेळाशी काय वाकडं असणार? खेळणाऱ्यांच्या हसण्यानेच मन उडतं.

त्या चातुर्मासात मी लिंबू सोडलं. कोणी कांदा सोडतं, कोणी वांगं, मी लिंबू. नाना सुहासभावजींना त्यांच्या नावाने हाक मारतील तेव्हा घेईन, असं ग्रामदैवत धावीर महाराजांपुढे मनात बोलले. चातुर्मास संपला, दुसरा आला, तरी वरणात कोकमच. सासूबाईंना वाटलं, मला लिंबू बाधतं.

नाना त्यांना “ए लिंब्या”च म्हणत राहिले. वाईट मनाने नव्हे. सवयीने.

*

भावजींना पेणला कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायची नोकरी लागली आणि ते माझ्या माहेरीच राहायला गेले. तिथे त्यांच्यासारखेच तिघे चष्मेवाले मित्र जमले. रविवारी रंगाच्या डब्यांमध्ये टीव्ही ठेवून यांचा गेम सुरू. आई म्हणायची, पोरं गुणी हो, चहा पिऊन कपसुद्धा विसळतात.

एका रविवारी शेजारचा एक दांडगा क्रिकेटवाला गडी आला. पाय मुरगळून घरी बसला होता. म्हणाला, मलाही द्या की एक डाव. या चौघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि जे हसले! “तुला झेपणार नाय रे. इथे डोकं लागतं.” तो बिचारा लंगडत उठला.

आई मूर्तीचे डोळे रेखत होती. कुंचला न उचलता म्हणाली, “घ्या की रे त्याला. लिंबूटिंबू म्हणून तरी घ्या.”

भावजींनी हातातला रिमोट खाली ठेवला आणि त्याच्या मागे रस्त्यापर्यंत पळत गेले.

*

आणि हा शेवटचा.

नानांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. सुरुवातीला मंडळाची माणसं येऊन बसत, जुन्या पकडी सांगत. मग सीझन सुरू झाला, कोलाडला स्पर्धा, नागोठण्याला स्पर्धा. ओटीवरच्या चपला कमी होत गेल्या. नाना खाटेवरून दाराकडे बघत बसायचे. मला सारखं वाटायचं, माझ्या नेमधर्मात काहीतरी कमी पडतंय.

एका रविवारी सकाळी भावजी पेणहून गेम घेऊन आले. टीव्हीला जोडला. रिमोट नानांच्या डाव्या हातात दिला, वर स्वतःचा हात धरला.

नानांनी अंगठ्याने रिमोटचं बटण चाचपलं. जीभ जड झाली होती, तरी नीट उच्चारून म्हणाले, “मी लिंबूटिंबू काय रे?”

“नाय नाना. ह्यात तसं नसतं. तुम्हाला तीन लाईफ, मलाही तीन. पहिल्या दिवशी आला त्यालापण तीनच.”

नानांचा माणूस खड्ड्यात पडला. पुन्हा उठला, पुन्हा पडला. तिसऱ्यांदा तर दोन पावलंही गेला नाही.

“बाद?” नानांनी विचारलं.

“बाद,” भावजी म्हणाले. सोडलं नाही त्यांनी.

नाना वाकड्या तोंडाने हसले. मग मान टीव्हीकडेच ठेवून म्हणाले, “सुहास, परत लाव.”

मी हातातलं पूजेचं तबक तिथेच ठेवून स्वयंपाकघरात गेले. वरण तयार होतं. टोपली चाळली, घरात लिंबू कुठलं असायला? तशीच मागच्या दाराने शेजारच्या काकूंकडे गेले.

काकू लिंबू देता देता थांबल्या. “इतक्या वर्षांनी लिंबू? कोन पावना आलाय गो?”

“पाहुणा नाय,” मी म्हटलं. “आमचे सुहासभावजी आलेत.”