राहीबाईची उजवी बाजू

राहनाळच्या राहीबाईचा डावा स्तन कॅन्सरने गेला आणि घरातल्या पुरुषांना उजव्याची काळजी लागली. पोरगा भावेश गोदामात सुपरवायझर. तिथे एक खोका ओला निघाला की अख्खा लॉट परत पाठवायचा, हाच त्याचा धर्म. डॉक्टरीणबाईंसमोरही त्याने तेच लावून धरलं, "उजवा पण काढून टाका, मॅडम. टेन्शनच नको."

"रक्ताच्या तपासणीत घराण्यातून येणारा दोष निघालेला नाही," बाईंनी समजावलं. "उजवा निरोगी आहे. तो काढून यांचं आयुष्य वाढणार नाही, ऑपरेशन तेवढं वाढेल."

"पण रिस्क कशाला?" भावेश हटेना. शेजारी त्याचा बाप दौलत जोरजोरात मान डोलवत होता.

ग्रामसभेत भल्याभल्यांची तोंडं बंद करणारी राहीबाई आता पोराकडे वळली.

"भावेश, गेल्या शिमग्याला तुझ्या बापसाची एक गोटी सडली, ती कापली. कागदावर सही तूच केलीस. तवा दुसरीची रिस्क न्हाय दिसली तुला?"

दौलतची मान जागच्या जागी थांबली. त्याने हळूच पायावर पाय टाकला आणि पोराला म्हणाला, "चल रं, गाडी काढ."