पूजेआधीचं बोर

बजबजच्या एका प्राथमिक शाळेत मी आठवड्यातून दोन दिवस इंग्रजी शिकवायला जायचे. पगार नाही, सक्ती नाही. नवऱ्याच्या बँकेने बदली करून आम्हाला कोलकात्यात आणून टाकलं होतं आणि सॉल्ट लेकच्या फ्लॅटमधल्या भिंतींशी किती बोलणार? मेट्रोने सियालदा, तिथून लोकल. हिवाळ्यात खिडकीबाहेर तळी, केळी, वाळत घातलेल्या साड्या धुक्यातून वर यायच्या आणि परत धुक्यात जायच्या. भोवती बंगाली चाललेलं असायचं, निम्मं कळायचं. अर्धवट कळणाऱ्या भाषेत माणूस छान तरंगत राहतो. कोणी आपल्यावर रागावलेलं असलं तरी गोडच वाटतं.

चौथीच्या वर्गात ज्यूट मिलमधल्या एका कामगाराची मुलगी होती. एका मोफत निवासी शाळेची लेखी परीक्षा ती पास झाली होती. राहिली होती इंग्रजीतली मुलाखत, सरस्वतीपूजेनंतर चौथ्या दिवशी; इथे ही पूजा वसंत पंचमीला असते. तिच्यावर माझा भारी जीव. कावळा दिसो नाहीतर नदीतली होडी, ती लगेच त्यावर एक इंग्रजी वाक्य करून मला ऐकवायची.

संक्रांतीला मला हुक्की आली. तिळगूळ केला, पिशवीभर बोरं घेतली आणि वर्गाला अंगणात उन्हात बसवून बोरन्हाण घातलं. बोरन्हाण घालायचं ते तान्ह्यांना, वर्गातली मुलं तर चांगली घोडी झालेली. पण मला हौस. डोक्यावर बोरं पडताच मुलं खिदळली, त्यांनी एकेक वेचून खिशात भरली. खाईना मात्र कोणीच. माझा पारा चढायला वेळ लागत नाही.

"अगं, धुतलेली आहेत, खा की!" मी हिंदीत माझ्या त्या लाडक्या मुलीवरच ओरडले.

तिने माझ्याकडे पाहिलं आणि एक बोर तोंडात टाकलं. बाकीच्या मुलांनी जिभा चावल्या.

मुख्याध्यापिकांनी मला बाजूला घेतलं. "सरस्वतीपूजेच्या आधी बोर खात नाहीत आमच्यात. देवी रागावते, मूल नापास होतं." त्या हसत होत्या. मुलगी हसत नव्हती.

त्या दिवसापासून तिचं इंग्रजी बंद. काही विचारलं की पायांकडे बघायची. "आता काय उपयोग, दिदिमणी?" एवढंच बंगालीत पुटपुटायची. हे सगळं खूळ आहे, आमच्याकडची पोरं संक्रांतीला बोरं खातात आणि इंजिनिअर होतात, असं मी तिला चिडून सांगून पाहिलं. ढिम्म फरक पडला नाही. परतीच्या गाडीत मला स्वतःचीच लाज वाटायची. माझ्या हौसेपायी पोरीची एवढी मोठी संधी चालली होती.

पूजेच्या दिवशी मी पिवळी साडी नेसून गेले. वर्गातली बाकं हलवून तिथे मूर्ती बसवली होती, पायाशी मुलांच्या वह्या-पुस्तकांचा ढीग होता. धूप इतका की समोरची मुलं पाण्याखाली असल्यासारखी दिसत होती. ती मुलगी आईची साडी खोचून माझ्या शेजारी उभी राहिली. ओंजळीत झेंडूच्या पाकळ्या घेऊन मी मूर्तीकडे बघत माझ्या मोडक्यातोडक्या बंगालीत मोठ्याने म्हणाले, "आई, चूक माझी आहे. हिने माझं ऐकलं. नापास करायचंच असेल तर मला कर."

माझं बंगाली ऐकून मुलं फिस्सकन हसली. ती हसली नाही. तिने डोळे मिटले, आणि मला नीट कळावं म्हणून असेल, इंग्रजीत बोलली.

"गॉडेस, शी इज न्यू हिअर. शी डिड नॉट नो. प्लीज पास हर. देन मी."

मी तिथेच ढसाढसा रडले. चार दिवसांनी मुलाखत झाली आणि तिला प्रवेशही मिळाला, पण त्या घडीला मुलाखत माझ्या मनातही नव्हती. कोलकात्यात आल्यापासून माझ्यासाठी कोणी देवाकडे काही मागितलं नव्हतं.