गच्चीवरचे मासे आणि चकचकीत गिट्टी

लाखनीतले माझे शेजारी कापड विकतात. गिऱ्हाइकाला ते ‘काय बे’ म्हणतात आणि गच्चीवरच्या टाकीतल्या माशांना ‘अहो’. माशांचं मळकं पाणी पंपाने गिट्टीच्या वाफ्यात चढतं, त्यावर पालक पोसतो आणि निवळलेलं पाणी परत टाकीत पडतं. ही कथा ते मला दर रविवारी, नवी असल्यासारखी, कानाशी येऊन सांगतात.

दिवाळीच्या साफसफाईत त्यांच्या आईने ती गिट्टी ब्लीचिंगने घासून चकचकीत केली. पाणी निवळणारे जंतू गिट्टीवरच्या मळातच राहतात. मळाबरोबर तेही गेले आणि दोन-तीन दिवसांत मासे वर येऊन तोंडं उघडू लागले.

मी गच्चीवर पोचलो तेव्हा शेजारी टाकी उपसत होते. “पाहून काय राहिले भाऊ? विहिरीचं पाणी ओता. उंचावरून ओता, हवा मिसळू द्या.”

मी ओतत होतो, तेवढ्यात आई जिना चढून आली. “काहून रे, मासे वर येऊन राहिले?”

ब्लाउजपीसच्या घासाघिशीत दुकान डोक्यावर घेणारा हा माणूस. आता आईवर ओरडणार, म्हणून मी बादली खाली ठेवली.

“तुले पाहाले आले, माय. गिट्टी कशी चमकून राहिली.”

म्हातारी खुलली. “मंग दर सणाले घासून देईन.”

“हो माय.”

सांजेपर्यंत मासे पुन्हा तळाशी पोहू लागले. दोन मात्र वाचले नाहीत. ते त्यांनी शर्टाआड लपवले आणि आईच्या समोरून शीळ घालत खाली नेले.