मैदानावरचे चार दिवे आणि माझं कडं

मी वायरमन माणूस. वीस वर्षं खांबावर चढतोय. कुणी सांगितलं की घरातला दिवा आपोआप बारीक-मोठा होतो, काहीतरी बाहेरचं आहे, तर मी जातो, लूज झालेली न्यूट्रलची वायर घट्ट करतो, चहा पितो आणि भूत खिशात घालून परत येतो. या ग्रुपवरचे भुताचे किस्सेही मी हसायलाच वाचायचो. तेव्हा खाली जे लिहितोय त्यावर कुणी हसलं तर माझी तक्रार नाही. फक्त ज्याचा कान गेला तो माझा सख्खा भाऊ आहे, एवढं लक्षात ठेवून हसा.

आमचं गाव मुळशी तालुक्यात, रिह्याच्या खोऱ्यात. नाव लिहीत नाही, मला तिथेच राहायचंय. शाळेच्या मागे कबड्डीचं मैदान आहे. एका बाजूला ओढा, बाकी तिन्हीकडे भातखाचरं. भातकापणी उरकली की रोज संध्याकाळी सराव सुरू होतो. माझा भाऊ किरण आमच्या संघाचा पहिला चढाईपटू. हिंजवडीत कंपनीची कॅब चालवतो, माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी लहान. त्याला कबड्डी मी शिकवली. पहिली पकड कशी सोडवायची ते घराच्या अंगणात, शेणाने सारवलेल्या जमिनीवर त्याला आपटून आपटून शिकवलं.

या मैदानाची एक रीत होती. दिवेलागणीला खेळ थांबायचा. चढाई अर्धी असली तरी थांबायचा. सगळ्यांनी चुन्याच्या रेषेबाहेर यायचं, मैदानाकडे तोंड करून गप उभं राहायचं आणि पुरता अंधार झाला की घरी जायचं. का, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. बबनमामा, म्हणजे गावच्या पाण्याची मोटर चालू-बंद करणारा आमच्याकडचा साठीचा माणूस, एवढंच म्हणायचा, "ती येळ आपली न्हाई."

गावच्या रस्त्याला एलईडी स्ट्रीट लाइट बसले तेव्हा चार दिवे उरले. ते मैदानावर लावू, ही आयडिया माझी. मोठे फ्लडलाइट आम्हाला कुठले परवडतात? चार कोपऱ्यांवर चार खांब उभे केले, दिवे आत वळवले आणि वर सेन्सर बसवला. उजेड कमी झाला की दिवे आपोआप लागणार. कुणी बटण दाबायला नको, खेळ थांबवायला नको... मी तर सगळ्या पंचायतीसमोर छाती काढून हिंडत होतो.

पहिल्या संध्याकाळी दिवे लागले तशा सगळ्यांनी शिट्ट्या मारल्या. चढाई सुरूच राहिली. मामा मात्र एकटाच उठून रेषेबाहेर जाऊन उभा राहिला.

मी म्हटलं, "मामा, आता अंधारच न्हाई, तर थांबायचं कशाला?"

"अंधारासाठी थांबत व्हतो, आसं तुला कुणी सांगितलं?" मामा म्हणाला.

मी हसलो. म्हातारा झालाय, म्हटलं.

त्याच आठवड्यात एकाचं गळ्याजवळचं हाड मोडलं. कबड्डीत लागतं, त्याचं काही नाही. पण नंतर दोन जिवलग दोस्त, एका ताटात जेवणारे, असे भिडले की एकाने दुसऱ्याचा अंगठा चावून सोलून काढला. चौघांनी ओढलं तेव्हा कुठे सुटला. तोंडाला रक्त, दातांत कातडं. मग एकाने पडलेल्या माणसाच्या तोंडावर टाच मारली... एकदा नाही, पाच-सहा वेळा. आणि प्रत्येक वेळी दोघंही आईची शपथ घेऊन सांगायचे, "आधी त्यानं मारलं." हे सगळं दिवे लागल्यावर पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत. त्यानंतर दोन तास खेळ चालला तरी कुणाच्या केसाला धक्का नाही. मला हे तेव्हा दिसलं नाही. उलट मी लोकांना सांगत होतो, उजेड चांगला म्हणून खेळ फास्ट झालाय!

आता त्या दिवसाचं सांगतो.

सकाळी चहाच्या टपरीवर किरणने सगळ्यांदेखत जाहीर केलं की तालुक्याच्या स्पर्धेत तो शेजारच्या जांबे गावच्या संघाकडून खेळणार. मला घरी आधी सांगितलं नाही. मी त्याला हाताला धरून मैदानात आणलेला, आणि मला ही बातमी टपरीवर, बाकीच्यांबरोबर! माझं डोकं सटकलं. पंधरा माणसांसमोर मी म्हणालो, "संध्याकाळी मैदानात ये, तुजं थोबाडच फोडतो." हे मी बोललो. नाकारत नाही.

संध्याकाळी तो आला. मी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही, शिडी घेऊन ओढ्याकडच्या खांबाकडे गेलो. स्ट्रीट लाइट रस्त्यासाठी बनवलेला असतो, उजेड लांब पट्ट्यात फेकतो. त्यामुळे आमच्या मध्यरेषेवर एक काळपट पट्टा राहत होता. दिव्याचा कोन बदलायचा होता, आणि दिवा चालू असल्याशिवाय उजेड कुठे पडतो ते कळत नाही, म्हणून मुद्दाम ती वेळ धरली. चालू लाइनीजवळ जायचं म्हणून हातातलं तांब्याचं कडं काढून स्विच-बॉक्सच्या कडीला अडकवलं. वीस वर्षांची सवय. त्या कड्याला एक खोल खाच आहे, कधीतरी पान्याचा घाव बसून पडलेली. मामाने खाली दोन्ही हातांनी शिडी धरली. बॉक्स त्याच्या खांद्याला लागून होता.

मी वर पोचलो आणि दिवे लागले. तोंडापासून हातभर अंतरावर एलईडी... डोळ्यांतून पाणी यायला लागलं. बाहीने पुसत होतो, पाना फिरवत होतो. खाली किरणच्या चढाईचा दम ऐकू येत होता. "कबड्डी, कबड्डी, कबड्डी..."

तो दम मध्येच तुटला. आणि आवाज आला. ओल्या पोत्यावर काठी मारावी तसा.

मी खाली बघितलं. दोन्ही बाजूंचे खेळाडू मागे सरकून थिजले होते. मध्यरेषेवर किरण गुडघ्यांवर होता आणि त्याचं डोकं एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे झटके खात होतं. समोर कुणी नाही. वरून मला मैदान ताटासारखं दिसत होतं, त्याच्यासमोर कुणीसुद्धा नव्हतं! त्याचा बनियन छातीपाशी गोळा झाला, तो अर्धवट वर उचलला गेला आणि परत जमिनीवर आपटला. तोंडातून रक्त उडालं. तो ओरडत होता, "दादा, नको! दादा!"

मला वाटलं, मला हाक मारतोय. वाचवायला.

मी शिडीवरून घसरतच उतरलो. गुडघे सोलले. पळत त्याच्याजवळ पोचलो, खाली वाकलो, आणि मागून मला कुणीतरी कमरेत पकडलं. मग दुसऱ्याने. मग सगळ्यांनी. सहा-सात जणांनी मला जमिनीवर पाडून तुडवलं. बरगडीवर लाथ, पाठीवर लाथ. "भावाला मारतुस व्हय? आं? भावाला?" मी ओरडतोय, मी आत्ता आलो, मी वर होतो... कुणी ऐकेना. माझा पुढचा एक दात त्या दिवशी तिथेच पडला.

शेवटी मामा ओरडला. तो जागचा हलला नव्हता, अजून शिडी धरूनच उभा होता.

"सोडा त्येला! ह्यो वर व्हता!"

"मामा, आमी काय आंधळं हाय का?" एक जण म्हणाला. "डोळ्यादेखत मारलं ह्यानं!"

"मी बी बघितलं," मामा म्हणाला. त्याने धरलेली शिडी खांबावर वाजत होती. "वर बी ह्योच व्हता. खाली बी ह्योच व्हता."

माझ्यावरचे हात सुटले. किरणला एकाच्या जीपमध्ये घातलं. मी जवळ गेलो तर त्याने अंग चोरून घेतलं. मार खाल्लेलं कुत्रं चोरतं तसं. ते मला आजही सहन होत नाही.

जबडा दोन ठिकाणी मोडला, डाव्या कानाने ऐकू येणं कायमचं गेलं. डॉक्टरांना त्याने सांगितलं, खेळताना खांबावर आपटलो. केस होऊ दिली नाही. त्याला वाटत होतं की मीच मारलं, आणि तरी त्याने मला वाचवलं.

कडं मी दुसऱ्या दिवशी आणायला गेलो. बॉक्सच्या कडीला, मी अडकवलं होतं तसंच होतं. फक्त त्यावर रक्त वाळलेलं होतं आणि खाचेत दोन केस अडकलेले. मामा शपथेवर सांगतो, त्याला हात लावायला बॉक्सकडे कुणी आलंच नाही. किरणच्या भुवईवर टाके पडलेत त्या जखमेचा आकार अर्धगोल आहे, आणि मधे एका जागी कातडी तुटलेली नाही. नेमकी त्या खाचेएवढी.

तुम्ही विचाराल, मोबाइलवर कुणी शूट केलं नाही का? केलं. हलक्या प्रतीचा एलईडी असला की व्हिडिओत काळे आडवे पट्टे सरकताना दिसतात, हे मला धंद्यामुळे माहीत आहे. त्या व्हिडिओतही पट्टे आहेत आणि सरकतात. एक मात्र उभा आहे. तो सरकत नाही, किरणच्या समोर थांबतो. ज्याने शूट केलं त्याने नंतर तो डिलीट केला. मी त्याला दोष देत नाही.

मी सेन्सरच्या पुढे टायमर जोडला. आता दिवेलागण झाली की वीस मिनिटं दिवे लागत नाहीत. सगळे रेषेबाहेर येऊन उभे राहतात. कुणाला सांगावं लागत नाही.

चार महिने किरण माझ्याशी बोलला नाही. एका घरात राहून. आई दोघांची ताटं वेगवेगळ्या वेळी वाढायची. मग शिमग्यानंतर एका संध्याकाळी तो मैदानावर आला आणि माझ्या शेजारी उभा राहिला. त्याचा चांगला कान माझ्याकडे येईल असा. वीस मिनिटं चालू होती, मैदान रिकामं होतं. त्या वेळात कुणी बोलत नाही, पण तो हळूच बोलला.

"दादा, मामा खोटं बोलायचा न्हाई. तू वर व्हतास."

"व्हय."

"मग एक सांग. वर तू रडत व्हतास का?"

उजेडामुळे पाणी येत होतं, हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. तुम्हालाही मी वर तेच लिहिलंय. पण मला फार राग आला की रडू येतं. लहानपणापासून. चाळिशी उलटली तरी ते गेलं नाही, आणि हे जगात एकट्या किरणला माहीत आहे.

"व्हय," मी म्हणालो.

"त्यो बी रडत व्हता," किरण म्हणाला. "मारताना. म्हनून मी हात उचलला न्हाई. मला वाटलं, तूच हायेस."

हे काय होतं, मला माहीत नाही. न्यूट्रल लूज नव्हता, वायरिंग तीनदा तपासलं. कुणाला कळत असेल तर खरंच सांगा, मी आता हसणार नाही. कडं अजून त्या बॉक्सच्या कडीलाच आहे, मी हातात घालत नाही.

त्या संध्याकाळी वीस मिनिटं झाली आणि चारही दिवे लागले. किरणने आधी माझ्या हातांकडे बघितलं, मग माझ्याकडे.