नलूआत्याला दिसलेला ऑक्टोपस

फोन मितालीचा होता. बालीगंजला नलूआत्याच्या खालच्या मजल्यावर राहणारी मिताली एरवी फोन केला की आधी तब्येत, मग ऊन, मग बाजारभाव असं सगळं बोलून मुद्द्यावर येते. त्या सकाळी ती "दीदी..." एवढंच म्हणाली आणि रडायला लागली. मी डमडम स्टेशनच्या जिन्यावर होते. ऑफिसला निघालेली माणसं मला चुकवून वर चढत होती आणि मी कठड्याला धरून उभी. आत्या झोपेतच गेली होती. शांतपणे, कुणाला न सांगता... तिच्या स्वभावाला हे शोभलंही आणि नाहीही. 'का?' असं विचारल्याशिवाय तिने आयुष्यात काहीच केलं नव्हतं.

नलूआत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. आजोबा रेल्वेच्या नोकरीत कोलकात्याला आले आणि इथलेच झाले, त्यामुळे ती जन्माने इथलीच. घरात शुद्ध पुणेरी मराठी बोलायची, फक्त 'अ'चा मधूनच 'ऑ' व्हायचा. एका मुलींच्या शाळेत तिने निवृत्त होईपर्यंत जीवशास्त्र शिकवलं. आमच्या घरात तोवर कुणी माशाला हात लावला नव्हता. ही मात्र बाजारातून ताजा रुई मासा आणायची, वर्गात चिरून मुलींना कल्ले दाखवायची आणि घरी येऊन शुद्ध शाकाहारी वरणभात जेवायची. लग्न केलं नाही. का, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाली, "मला जे प्रश्न पडायचे ते ऐकून घेणारा कुणी भेटला नाही."

माझा धाकटा भाऊ अभिजित नोकरीसाठी स्पेनला, वॅलेन्सियाला गेला, तेव्हा त्याने आम्हा दोघींना बोलावलं. आत्याने गुडघ्यांची सबब सांगून आधी नाहीच म्हटलं. मग तिला कळलं, की तिथे एक मोठं विज्ञान संग्रहालय आहे आणि त्याला लागूनच मत्स्यालय. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा फोन, "पासपोर्टसाठी फोटो कुठे काढतात गं?" तिला एवढी घाई कसली लागली आहे, हे मला तेव्हा कळलं नाही. प्रवासात ती मेनूकार्ड माझ्याकडे सरकवायची, पाट्या मला वाचायला लावायची. चष्म्याचा नंबर बदललाय, म्हणायची. मी विश्वास ठेवला.

त्या शहरात एक नदी होती. पुराला कंटाळून लोकांनी तिचा प्रवाह गावाबाहेरून वळवला, आणि कोरड्या पात्रात बागा केल्या. त्याच पात्रात ते संग्रहालय उभं आहे, पांढरंशुभ्र, बरगड्या बरगड्यांचं. "एखाद्या प्रचंड माशाचा सांगाडा वाटतो नाही? देवमाशाचा," मी म्हटलं. "देवमासा हा मासा नव्हे," आत्या म्हणाली. पण तिचं लक्ष नदीकडे होतं. मूळच्या नदीतले मासे त्या वेळी कुठे गेले असतील? अभिजितला माहीत नव्हतं. तिकीट देणाऱ्या मुलीलाही माहीत नव्हतं. आत्याने तिला हातवाऱ्यांसकट इंग्रजीत तीनदा विचारलं आणि ती बिचारी हसून आत कुणालातरी विचारायला गेली. मागे रांग वाढत होती. अभिजित अवघडून छताकडे बघत होता.

आत प्रत्येक वस्तूला हात लावायची मुभा होती. आत्याने लावला. चाकं फिरवली, नळ्यांमध्ये ओरडली, शाळेच्या सहलीवर आलेल्या पोरांबरोबर रांगेत उभी राहिली. एका उंच दालनात छतापासून लांबच लांब तारेला एक जड गोळा टांगलेला होता. तो संथ झुलत होता, आणि भोवती वर्तुळात छोट्या खुंट्या उभ्या होत्या. पृथ्वी फिरते म्हणून थोड्या थोड्या वेळाने एकेक खुंटी गोळ्याच्या वाटेत येते आणि पडते. आत्या तिथे बाकावर बसली आणि उठेचना. "पृथ्वी फिरते असं मी वर्गात इतक्या वेळा सांगितलंय... आज माझी मलाच खात्री करून घेऊ दे." अखेर खुंटी पडली. आम्हाला दिसायच्या आत आत्या म्हणाली, "पडली!" मला गंमत वाटली. तिने ती ऐकली होती.

मत्स्यालयात काळोख होता, निळा आणि गार. जेलीफिशच्या टाकीपाशी ती थबकली. शाळेच्या कपाटात फॉर्मलिनच्या बरणीत तिच्याकडे एक जेलीफिश होता. पिवळट, आक्रसलेला, तळाशी बसलेला. इथे तेच प्राणी दिवे लावल्यासारखे उघडत-मिटत वर चालले होते. "मी मुलींना आयुष्यभर मेलेले प्राणी शिकवले गं," ती हळूच म्हणाली. त्यात दुःख होतं, पण त्याहून जास्त कुतूहल होतं. लगेच तिने काचेला नाक लावलं, आणि मान एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे कलती करून पाहू लागली. मग मला म्हणाली, "अगदी मधोमध काय आहे, सांग."

"म्हणजे? तुला दिसत नाही?"

"मधलं दिसत नाही. कडेचं दिसतं."

डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजत चालला होता. ही झीज वाढणारच, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. अभिजितचं बोलावणं येण्याच्याही आधी. एकही औषध त्याला लागू पडणार नव्हतं, आणि आम्हाला सांगितलं असतं तर आम्ही तिला विमानात बसू दिलं नसतं, असा तिचा हिशोब. तो बरोबरच होता. मला रडू आलं, रागही आला. अभिजित म्हणाला, चल, बाहेर जाऊन बसू जरा. "बाहेर कशाला? बसायला बालीगंज आहे की," आत्या म्हणाली. "अजून ऑक्टोपस राहिलाय."

ऑक्टोपसच्या टाकीसमोर गर्दी होती. आत खडक, वाळू, थोडं शेवाळ. ऑक्टोपस कुठेच नाही. लोक काचेवर बोटं टेकवून शोधत, कंटाळत आणि पुढे जात. आम्हीही शोधून दमलो. आत्या मात्र टाकीकडे न बघता शेजारच्या भिंतीकडे तोंड करून उभी होती. मला वाटलं, थकली. आणि एकदम तिने माझा दंड धरला. "वरच्या खडकाचा डावा कोपरा... तो खडक श्वास घेतोय." मी पाहिलं. खडकाचा एक तुकडा अगदी किंचित फुगत होता, बसत होता. मग त्यावर तांबूस रंग पसरत गेला, एक हात उलगडला, त्यावरच्या गोल गोल चकत्या दिसल्या, आणि अख्खा प्राणी काचेवरून ओघळत खाली आला. पोरांनी आरडाओरडा केला. "हालचाल कडेच्या नजरेलाच आधी कळते," आत्या भिंतीकडे तोंड ठेवूनच म्हणाली, "हे मी शिकवलं होतं. पण हे असं असतं, ते माहीत नव्हतं." तिच्या चेहऱ्यावर एवढा आनंद मी कधी पाहिला नव्हता. मत्स्यालय बंद व्हायची घंटा होईपर्यंत आम्ही तिथून हललो नाही.

परत आल्यावर तिने डोळ्यांचं सगळ्यांना सांगून टाकलं. त्यानंतर तिच्याकडे जाणाऱ्याची सुटका नसे. ती खिडकीपाशी वेताच्या खुर्चीत बसायची आणि आल्यागेल्याला खिडकीबाहेर बघायला लावायची. "काय दिसतंय?" पक्षी, असं म्हटलं की चिडायची. केवढा, कुठल्या रंगाचा, मान कशी हलवतो, ते सांग. मिताली सुरुवातीला लाजायची. पुढे ती भाजी निवडायची परात घेऊन वरच येऊन बसू लागली. यंदा समोरच्या झाडाच्या वाळलेल्या फांदीत तांबट पक्ष्यांच्या जोडीने ढोली कोरली. आई-बाप किडे-फळं घेऊन आत-बाहेर करायचे. आत्याला एकच ध्यास, पिल्लू तोंड कधी बाहेर काढतं. रोज विचारायची. शेवटच्या संध्याकाळी विचारलं तेव्हाही मिताली म्हणाली होती, "आज नाही, दीदी."

दिवसकार्य झाल्यावर मी तिची खोली आवरायला गेले. मिताली मदतीला वर आली. पडदे काढता काढता ती खिडकीशीच थांबली आणि बाहेर बघत राहिली. मी जवळ गेले. ढोलीतून एक डोकं बाहेर आलं होतं. मिताली आत्याच्या रिकाम्या खुर्चीकडे वळली. "दीदी, बाच्चा बेरियेछे," ती म्हणाली. पिल्लू बाहेर आलं. मग पदराने डोळे पुसून ती सांगत राहिली... डोकं हिरवट आहे, कपाळावर आईसारखा लाल ठिपका नाही अजून, चोच जाड, फिकट, गळ्याशी पिवळं, मान एकदा वर करतंय, एकदा खाली.

मी मितालीला थांबवलं नाही. बाहेर अंधारून आलं तरी आम्ही पडदे हातात धरून तिथेच उभ्या होतो, आणि एकीचं सांगून झालं, की राहिलेलं दुसरी सांगत होती.