शिकाऱ्यांचे शाकाहारी काका

इंग्लंडमध्ये रानपारवा कधी, कुठे, कशाने आणि मुख्य म्हणजे कोणत्या कारणासाठी मारावा, हे बिनचूक सांगू शकणारा एकच माणूस मी पाहिला आहे, आणि त्या माणसाने उभ्या आयुष्यात बंदूक हातात धरलेली नाही. माझ्या नवऱ्याचे हे थोरले काका. मूळचे मिरजेचे, पक्के शाकाहारी. घरात कोळी निघाला तर त्याच्यावर पेला उपडा ठेवून, खालून पोस्टकार्ड सरकवून त्याला बागेत सोडून येणारे. सोडताना 'सांभाळून जा' असंही म्हणत, आणि ते मराठीत म्हणत. असा माणूस नॉटिंगहॅमच्या आसपासच्या शिकाऱ्यांचा गुरू कसा झाला, हे मी समोर बसून पाहिलं आहे.

लग्न होऊन मी तिकडे गेले ती दोन हजार सालानंतरची वर्षं. नवरा सॉफ्टवेअरमध्ये, सकाळी जाई तो संध्याकाळी येई. मला अजून नोकरी नव्हती आणि आम्ही काका-काकूंकडेच राहत होतो, त्यामुळे काकांचा अखंड सहवास मला लाभला. काका कौन्सिलच्या प्लॅनिंग खात्यातून रिटायर झाले होते, पण नियम काही त्यांच्यातून रिटायर झाले नव्हते. पॅरासिटामॉलच्या डबीतला कागद ते दोन्ही बाजूंनी वाचत आणि मगच गोळी घेत. तोवर पुष्कळदा डोकं दुखायचं थांबलेलं असे. गाडी पार्क केली की आधी खांबावरची पाटी वाचायची, मग गाडीत येऊन तिच्यावर विचार करायचा, मग शंका आली म्हणून परत जाऊन वाचायची. काकू तेवढ्यात खरेदी आटोपून येत. कचऱ्याचे डबे बदलले तेव्हा काय कुठल्या डब्यात टाकायचं हे समजावत काका गल्लीभर दारोदार हिंडले होते. "नियम वाईट नसतो गं सूनबाई," ते मला म्हणत, "तो वाईट वाचलेला असतो."

शेजारी रॉन राहायचा. कोळशाच्या खाणीतून निवृत्त झालेला, दरवाजाएवढा रुंद, आणि बोलायला लागला की कुंपणावरच्या चिमण्या उडाव्यात असा आवाज. आसपासचे शेतकरी त्याला पिकं खाणारे पारवे मारायला बोलवत. नॉटिंगहॅमच्या रीतीप्रमाणे तो सगळ्याच बायकांना 'मी डक', म्हणजे 'माझ्या बदका', म्हणायचा. काकूंना हे तीस वर्षं पटलं नव्हतं. "मला बदक म्हणतो," त्या मला सांगत, "आणि थंडीत बदकं मारायला जातो. काय समजायचं माणसाने?" एका सकाळी रॉन बागेत उभा राहून हातातल्या सरकारी कागदाला शिव्या घालत होता. काकांनी कुंपणावरून हात पुढे केला आणि म्हणाले, "बघू." तो कागद त्यांनी चार वेळा वाचला. त्यातली व्याकरणाची एक चूक पेन्सिलीने दुरुस्त केली. आणि मग रॉनला इतक्या सोप्या शब्दांत समजावला, की पुढच्या रविवारी रॉन आणखी दोघांना घेऊन आला.

मग ते दर रविवारचंच झालं. सकाळी दहाला आमच्या दारात चिखलाच्या बुटांची रांग लागे (हा काकूंचा नियम, त्यात बदल होत नसे), आणि कन्झर्वेटरीत, म्हणजे मागच्या काचेच्या खोलीत, सहासात धिप्पाड माणसं मोजे घालून कांदेपोहे खात बसत. तक्रार सगळ्यांची एकच: नियम पाठ होईपर्यंत बदलतो. पारव्याचा परवाना दर जानेवारीला नवा. पारवा मजेसाठी मारायचा नाही, खाण्यासाठी मारायचा नाही, पीक वाचवण्यासाठी मारायचा, आणि मेल्यावर खाल्ला तर चालतो. बदकाला शिशाचे छर्रे चालत नाहीत, फेझंट पक्ष्याला चालतात. कुत्र्यांनी शिकार करायला बंदी आली तेव्हा तर काकांना खुर्च्या कमी पडल्या. सशामागे कुत्रा सोडलेला चालतो, हेअरमागे नाही, असं ते समजावत होते. काकूंनी चहा ठेवता ठेवता विचारलं, "अहो, पण दोन्ही ससेच ना?" मराठीत खरंच दोन्ही ससेच. "छोटा ससा चालतो, मोठा ससा चालत नाही," ते शेवटी म्हणाले. त्यावर एकाने विचारलं, "माझा कुत्रा छोट्याच्या मागे असताना मध्येच मोठा उठला तर?"

"कुत्र्याला परत बोलवायचं."

"तो ऐकत नाही हो."

"मग त्याला रविवारी घेऊन या," काका म्हणाले. ते विनोद करत नव्हते.

गुरुदक्षिणा म्हणून पहिल्या वर्षी कोणीतरी दाराच्या कडीला दोन मेलेले फेझंट टांगून गेला होता. काकूंची किंकाळी बसस्टॉपपर्यंत गेली. तेव्हापासून भेटी फक्त भाजीपाल्याच्या, आणि आम्ही वर्षभर लीकची जाड कांदापात खात असू.

मग एका वर्षी वसंतात रॉनची बायको जीन गेली. फार हसरी बाई होती. रॉन दोन रविवार आला नाही, तिसऱ्या रविवारी आला आणि नेहमीच्या खुर्चीत बसला. काकांनी त्याला त्या वर्षीच्या परवान्याची प्रत दिली, म्हणाले नीट वाच. पुढच्या आठवड्यात विचारलं तर रॉन म्हणाला, "दोनदा वाचला. एकदम स्वच्छ लिहिलाय." घडी करून तो कागद त्याने कोटाच्या खिशात ठेवला होता.

तीन महिन्यांनी काका फायली लावत होते. 'पक्षी, इंग्लंड', 'पक्षी, वेल्स', 'ससे, दोन्ही', 'कोल्हे, वादग्रस्त' अशी मराठीत नावं घातलेले खोके होते ते. एकदम त्यांचा हात थांबला. मेव्हण्याकडे वेल्सला शिकारीला जाणाऱ्या एकासाठी ठेवलेली प्रत खोक्यात नव्हती. इंग्लंडची मात्र एक जास्त होती. "मी रॉनला चुकीचा कागद दिला," ते म्हणाले. काकांच्या हातून चूक! मी धीर द्यायला काहीतरी बोलणार, तर ते खुर्चीत बसले आणि हळू आवाजात म्हणाले, "सूनबाई, तो कागद निम्मा वेल्श भाषेत आहे."

रॉनचा दर वेळी विसरलेला चष्मा, 'घरी जाऊन निवांत बघतो', प्रत्येक नव्या कागदावर येणारा तो संताप, सगळं आपोआप जागेवर बसलं. इतकी वर्षं रॉनच्या घरात वाचत होती ती जीन. ती वाचून दाखवायची आणि हा पाठ करायचा. नियम बदलला की बिचाऱ्याचं सगळं पाठांतर वाया!

काका उठले, कोट घातला. काकूंनी माझ्या हातात थालीपिठांचा डबा दिला, म्हणून मीही मागोमाग गेले. काकांनी रॉनला कागदाबद्दल एक अक्षर विचारलं नाही. एवढंच म्हणाले, "जीन गेल्यापासूनची पत्रं कुठे आहेत?" रॉनने त्यांच्याकडे पाहिलं. मग स्वयंपाकघरातला ड्रॉवर ओढला. तो न उघडलेल्या पाकिटांनी इतका भरला होता की पूर्ण बाहेर येईना.

काका एकेक पाकीट फोडून मोठ्याने वाचत गेले, मी गठ्ठे लावत गेले. त्यातच बंदुकीच्या सर्टिफिकेटचं पत्र निघालं. मुदत संपून नऊ दिवस झाले होते. सर्टिफिकेटशिवाय घरात बंदूक ठेवणं म्हणजे गुन्हा, आणि ती बंदूक रॉनच्या वडिलांची.

"फॉर्म भर आणि मागची तारीख टाक," रॉन म्हणाला. "नऊच दिवस. कोणाला कळणार आहे?"

"तारीख आजचीच पडेल."

"ते माझी बंदूक नेतील!"

"नेतील कदाचित."

रॉनचा चेहरा लालभडक झाला. "मला वाटलं होतं तू आमच्यातला आहेस. तू तर त्यांच्यातला निघालास. जा घरी!"

आम्ही घरी आलो. काका जेवले नाहीत. बागेत बाकावर जाऊन बसले. काकूंनी वाटीत दहीभात नेऊन दिला आणि म्हणाल्या, "अहो, एक तारीख टाकली असती तर काय आकाश कोसळणार होतं?" काका म्हणाले, "खोटं उघडं पडलं तर बंदूक कायमची जाईल. खरं सांगितलं तर निदान आशा आहे. पण खरं लिहायचं तर तो वाचू शकत नाही हेही लिहावं लागेल, आणि ते मी लिहिणार नाही." फॉर्ममधली माहिती लिहायला काका नकार देत होते! काकू शेजारी बसल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते पुन्हा रॉनच्या दारात उभे राहिले. हातात भरलेला फॉर्म आणि सोबतचं पत्र. रॉनने दार उघडलं, पण आत या म्हणाला नाही. काकांनी पायरीवरच पत्र वाचून दाखवलं. उशीर का झाला, याला त्यांनी एकच वाक्य लिहिलं होतं: 'या घरात आलेली पत्रं वाचणारी व्यक्ती वसंतात वारली.'

रॉनने दाराची चौकट घट्ट धरली. मग म्हणाला, "परत वाच." काकांनी परत वाचलं. रॉनने पेन घेतलं आणि अगदी सावकाश सही केली.

त्याच दिवशी काकांनी त्याच्यासमोर पोलिसांच्या लायसन्सिंग खात्याला फोन लावला. तिथली बाई आली, तिने पत्र वाचलं, रॉनकडे पाहिलं आणि जास्त काही विचारलं नाही. बंदूक तिने नेली, पण काही आठवड्यांनी नव्या सर्टिफिकेटसह ती परत आली. त्या रविवारपासून काकांनी नवीन प्रथा जाहीर केली: यापुढे नियमांच्या प्रती वाटल्या जाणार नाहीत, सगळ्यांनी बसून ऐकायचं, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत. बाकीचे कुरकुरले. रॉनने त्यांना दरडावलं, "गप्प बसा, माणूस वाचतोय."

पुढे आम्ही लंडनमध्ये हॅरोला राहायला गेलो. मागच्या जानेवारीत आम्ही भेटायला गेलो तेव्हा दारात बुटांचा एकच जोड होता. बाकीचे पांगले. कोणी मुलांकडे गेले, कोणी गेलेच. रॉनचे गुडघे संपलेत, शेतात जाऊन त्याला बरीच वर्षं झाली, बंदूक त्याने भाच्याला देऊन टाकली. कन्झर्वेटरीत दोघं म्हातारे समोरासमोर बसले होते. काका भिंग धरून पारव्यांचा नवा परवाना वाचत होते, एकही स्वल्पविराम न गाळता, आणि रॉन डोळे मिटून ऐकत होता. मी दारातच थांबले.

शेवटचं कलम संपलं. काकांनी भिंग खाली ठेवलं आणि विचारलं, "काही शंका?"

"नाही," रॉन म्हणाला. "पण आज पाऊस आहे, घरी जाऊन करू काय? अजून एक वाच. वेल्सचा आहे का?"